भात आहे, वाट नाहीं

बोर्निओ बेटांतील क्रायान मुलखाविषयीं एक पाठ

डोंगरांत व रानांत वसलेल्या गांवांविषयीं बोलणें निघालें म्हणजे "तेथील लोक उपाशी असतात, त्यांस शेती कळत नाहीं, म्हणून ते मागें राहिले," असें वाक्य सहज तोंडांतून निघून जातें. असें बोलणारांत आपल्या मंडळ्यांतील शिकलेले लोकहि असतात, ही खेदाची गोष्ट आहे. या पाठांत आम्ही अशा एका मुलखाची हकीकत सांगणार आहों कीं, जेथें अरण्य दाट आहे, डोंगर उंच आहेत, शहर फार दूर आहे, आणि तरीहि घरोघरीं भाताच्या कणग्या भरलेल्या असतात. तेथें उणीव आहे ती अन्नाची नव्हे, तर वाटेची. उणीव कशाची आहे हें नीट ओळखल्यावांचून कोणाचीहि विचारपूस खरी होत नाहीं. यास्तव उपदेशकांनीं हा पाठ सावकाश वाचून दाखवावा, आणि ज्या शाळेंत पृथ्वीचा नकाशा असेल तेथें तो भिंतीवर लावून मग आरंभ करावा.

नकाशांत हिंदुस्थानच्या आग्नेयेस समुद्रांत जीं बेटें विखुरलेलीं दिसतात त्यांपैकीं पुष्कळ मिळून इंडोनेशिया देश झाला आहे. त्यांत बोर्निओ हें बेट फार मोठें. पृथ्वीवरील बेटांत त्याचा क्रमांक तिसरा लागतो. त्याचे तीन राज्यांत वांटे झाले आहेत. उत्तरेकडील भाग मलेशियाचा, त्याच्याच कुशींत ब्रुनेईचें लहानसें राज्य, आणि बाकीचा सुमारें तीन चतुर्थांश भाग इंडोनेशियाचा. या भागास इंडोनेशियाचे लोक कालिमांतान म्हणतात. विषुववृत्ताची रेषा या बेटाच्या पोटांतून जाते. त्यामुळें आपल्यासारखे हिंवाळा व उन्हाळा तेथें नाहींत, आणि पाऊस बाराहि महिने थोडाबहुत पडतोच. क्रायान हा मुलूख उत्तर कालिमांतान प्रांतांत, मलेशियाच्या सरहद्दीस अगदीं लागून, समुद्रसपाटीपासून सुमारें हजार मीटर उंचीवर आहे. उंचीमुळें रात्रीं थंडी पडते, सकाळीं खोऱ्यांत धुकें भरतें. हें धुकें लक्षांत ठेवावें, पुढें त्याचा संबंध येणार आहे.

तेथें राहणाऱ्या लोकांस लुन दायेह म्हणतात. त्यांच्या भाषेंत लुन म्हणजे माणसें, आणि दायेह म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा प्रदेश. आपल्याकडे घाटावरचे व कोंकणांतले असा भेद करितात त्यांतलाच हा प्रकार. सरहद्दीपलीकडे सारावाकांत यांचेच भाऊबंद लुन बावांग या नांवानें राहतात. १८९१ सालीं इंग्रज व डच या दोन सरकारांनीं युरोपांत बसून बोर्निओची वांटणी कागदावर केली, तेव्हां ही रेषा त्यांच्या घराण्यांमधून गेली. बहीण एका राज्यांत व भाऊ दुसऱ्या राज्यांत असें झालें. गांवांचीं नांवेंहि समजून घेण्यासारखीं आहेत. लाँग बावान, लाँग मिडांग, लाँग उमुंग अशीं तीं आहेत. लाँग म्हणजे एक पाणी दुसऱ्या पाण्यास मिळतें तें ठिकाण. आपल्या संगमनेर व संगमेश्वर या नांवांत जो अर्थ तोच हा. पलीकडील एका गांवाचें नांव बा केलालान आहे, आणि त्यांतील बा म्हणजे पाणथळ जमीन, जींत भात होतें ती. ज्या लोकांनीं आपल्या गांवांस पाण्यावरून व शेतावरून नांवें दिलीं त्यांस शेती कळत नाहीं असें कोण म्हणेल?

भोंवतालच्या अरण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बोर्निओच्या रानांतील सर्वांत उंच झाडें ज्या कुळांतलीं आहेत त्याच कुळांतला आपला मध्य हिंदुस्थानांतील साल वृक्ष आहे. हीं झाडें कित्येक वर्षें जवळजवळ फुलल्यावांचून राहतात, आणि मग एका हंगामांत रानच्या रान एकदम फुलतें. त्यानंतर फळें गळूं लागलीं कीं रानडुकरांचे कळप त्यांमागें हिंडतात, व डुकरांमागें शिकारी. २०२१ च्या सुमारास डुकरांस होणाऱ्या एका परदेशी तापाची साथ बोर्निओंत शिरली आणि बेटावर ठिकठिकाणीं रानडुकरें मोठ्या संख्येनें मेलीं. ज्या घरांत मांस रानांतूनच येई तेथें ही मोठीच हानि झाली. वेत, मध, डिंक, औषधी मुळ्या, घराचें लांकूड, सरपण, सगळें रानांतूनच येतें. क्रायानचा पुष्कळ भाग कायान मेंतारांग नांवाच्या राखीव रानांत किंवा त्याच्या कडेला येतो. सरकारनें १९८० सालीं हें रान राखून ठेविलें, तेव्हां कागदोपत्रीं तेथें माणसांस जागाच उरली नव्हती. पुढें १९९६ सालीं त्याचें राष्ट्रीय उद्यान केलें तेव्हां पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणाऱ्यांच्या चालत आलेल्या वहिवाटीस कांहीं मान मिळाला. त्याचा विस्तार सुमारें साडेतेरा लाख हेक्टर आहे.

पूर्वीं हे लोक लांब घरांत राहत असत. एकाच छपराखालीं कित्येक कुटुंबें, प्रत्येकाची खोली व चूल निराळी, आणि पुढची पडवी सर्वांची एक, अशी ती रचना होती. आतां बहुतेक ठिकाणीं निरनिराळीं लांकडी घरें आहेत व त्यांवर पत्रे आहेत. १९६३ पासून १९६६ पर्यंत इंडोनेशिया व मलेशिया यांच्यांत सरहद्दीवर लढाई होती. त्या वेळीं व त्यानंतर दूरदूरचीं लहान गांवें उठवून एकेका जागीं आणण्यांत आलीं. त्यामुळें आज तेथें एका वस्तींत दोन-तीन जुनीं गांवें आपापलें नांव व आपापला मुखिया राखून एकत्र नांदतांना दिसतात.

आतां भाताकडे वळूं, कारण या लोकांचा खरा अभिमान तोच आहे. बोर्निओच्या बहुतेक डोंगरी जमाती रान तोडून, जाळून, राखेंत भात पेरितात व दोन-एक वर्षांनीं जागा बदलतात. ही रीत आपल्याकडील कुमरीसारखी आहे, आणि जमीन पुष्कळ व माणसें थोडीं असतील तेथें ती वाईटहि नाहीं. क्रायानच्या सपाट खोऱ्यांत मात्र जुन्या काळापासून कायमचीं खाचरें आहेत. ओढ्याचें पाणी बांबूच्या नळांनीं व चरांनीं वळवून खाचरांत आणितात, बांध घालितात, आणि तींच खाचरें बाप मुलास देतो. या भातास आदान म्हणतात. दाणा बारीक, शिजल्यावर मऊ, व वास सुंदर. त्यांत पांढरा, तांबडा व काळा असे प्रकार आहेत. हें भात हळवें नव्हे; शेतांत तें पुष्कळ महिने उभें राहतें, आणि वर्षांतून एकच पीक निघतें.

येथें शेतकरी वाचक विचारतील कीं, नांगर कसला? उत्तर असें कीं, नांगरच नाहीं. कापणी झाली म्हणजे त्या खाचरांत म्हशी सोडितात. म्हशी पेंढा खातात, तण खातात, चिखलांत लोळतात, दिवसभर तुडवीत हिंडतात, आणि जागोजाग शेण टाकितात. असे कांहीं महिने गेले म्हणजे जमीन आपोआप मळली जाते, तणांचीं मुळें गाडलीं जातात, आणि खत निराळें घालावें लागत नाहीं. पुढच्या लावणीची वेळ आली कीं म्हशी बाहेर काढून रानाकडील कुंपण घातलेल्या चराईंत नेतात, आणि खाचरें साफसूफ करून रोपें लावितात. आपल्या बायांस आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट अशी कीं, इतक्या म्हशी असून त्यांचें दूध काढण्याची चाल तेथें नाहीं. म्हैस म्हणजे शेताची चाकर, लग्नांतील देणें, मोठ्या मेजवानीचें मांस, आणि अडचणीच्या वेळीं सरहद्दीपलीकडे विकून पैसा करण्याची ठेव. दूध नाहीं म्हणून आम्ही त्यांस नांवें ठेवणार नाहीं. आपण म्हशीस दुधासाठीं ठेवितों व शेणाच्या गोंवऱ्या करून जाळितों, हें ऐकून त्यांसहि हंसूं येईल.

या पद्धतींत एकट्यानें कांहींच चालत नाहीं. एकाची म्हैस दुसऱ्याच्या उभ्या पिकांत शिरली तर वर्षाचें अन्न जातें. म्हणून म्हशी केव्हां सोडावयाच्या, केव्हां काढावयाच्या, कुंपण कोणीं बांधावयाचें, हें सर्व गांवानें मिळून ठरवावें लागतें, आणि तंटा झाल्यास भरपाई वडील मंडळींपुढें ठरते. लावणीला व कापणीला घरें आळीपाळीनें एकमेकांच्या शेतांत जातात. आपल्याकडील इर्जिकीचीच ही चाल. शेतावर नेण्याचें जेवण म्हणजे अगदीं मऊ शिजवून घोटलेला भात, रानांतल्या रुंद पानांत बांधलेला. पान उघडलें कीं तीच थाळी, आणि जेवण झालें कीं तें टाकून द्यावें.

या तांदळास २०१२ सालीं इंडोनेशियाच्या सरकारनें भौगोलिक चिन्ह दिलें. म्हणजे क्रायानच्या खोऱ्यांत पिकलेल्या भातासच आदान क्रायान हें नांव लावितां येईल, दुसऱ्या कोणी तें लावूं नये, असा कायद्याचा शिक्का मिळाला; आपल्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळास असाच शिक्का आहे. परंतु शिक्का कागदावर आहे व तांदूळ डोंगरावर आहे. इंडोनेशियाच्या शहरांकडे तो न्यावयाचा तर विमानानें, आणि विमानाचें भाडें चढलें कीं स्वस्त तांदूळ खाणाऱ्या गिऱ्हाइकास तो परवडत नाहीं. म्हणून पुष्कळ तांदूळ जवळच्या वाटेनें मलेशियांत जातो, आणि तेथें तो पलीकडल्या मुलखाच्या नांवानें विकला जातो अशी क्रायानच्या लोकांची जुनी तक्रार आहे. ज्यानें बारा महिने म्हशी राखल्या, बांध घातले, कापणी केली, त्याचें नांव पोत्यावर नाहीं. उपदेशकांनीं येथें थांबून मंडळीस विचारावें कीं, आपल्या गांवच्या कोणत्या मालाची अशीच गत होते. उत्तरें पुष्कळ मिळतील.

एक गोष्ट भाताविषयींच सांगून पुढें जाऊं. पूर्वीं या लोकांत तांदळाची दारू फार होती. मेजवान्या दिवसचे दिवस चालत, आणि पिकाचा मोठा भाग घागरींत जाई. १९३० नंतरच्या दशकांत कॅनडाचे मिशनरी अर्नेस्ट प्रेसवुड या डोंगरांत पायीं हिंडले, व सरहद्दीपलीकडे ऑस्ट्रेलियाहून आलेल्या मिशनऱ्यांनीं काम केलें. तेव्हांपासून गांवेंच्या गांवें ख्रिस्ती झालीं आणि दारूच्या घागरी उठल्या. आज क्रायानांत प्रॉटेस्टंट मंडळ्या गांवोगांवीं आहेत. कणग्या भरलेल्या राहूं लागल्या त्यांत या बदलाचा वांटा आहे असें आम्हांस वाटतें; पण खाचरें, बांध व म्हशी त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या आहेत, त्या कोणा मिशनऱ्यानें शिकविल्या नाहींत, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

आतां मीठ. समुद्र फार दूर, मध्यें रान व डोंगर. तरी या लोकांस मीठ विकत घ्यावें लागत नाहीं. लाँग मिडांग व आणखी कांहीं ठिकाणीं जमिनींतून खारें पाणी वर येतें. तेथें विहिरी केल्या आहेत. पाणी काढून मोठ्या कढयांत ओततात आणि खालीं सतत जाळ ठेवितात. एक दिवस व एक रात्र, कधीं त्याहून अधिक, पाणी उकळत राहतें. शेवटीं तळाशीं ओलें पांढरें मीठ उरतें. तें निथळून, विस्तवाजवळ सुकवून पानांत किंवा बांबूच्या नळ्यांत भरितात. काम सोपें दिसतें, पण जाळ विझूं देतां येत नाहीं. माणूस रात्रभर जागा पाहिजे. कोंकणांतील मिठागरांत सूर्य जें काम फुकट करितो तें येथें लांकडानें करावें लागतें, कारण पावसाच्या मुलखांत उन्हाचा भरंवसा नाहीं. लांकूड रानांतून येतें. म्हणून मीठ पाहिजे तर रान राखलें पाहिजे, हें त्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. जुन्या काळीं हें मीठच त्यांचें नाणें होतें; तें पाठीवर घेऊन दूरदूरच्या खोऱ्यांत जात व त्याबदलीं लोखंड, कापड, मणी आणीत. डोंगरावरील प्रवचनांत मिठाविषयीं जें आहे तें त्या मंडळीस विस्तारानें समजावण्याचें काम पाळकास पडत नसेल.

अन्न आहे, मीठ आहे, लांकूड आहे, पाणी आहे. मग उणें काय? साखर, तेल, पेट्रोल, सिमेंट, खिळे, औषध, वह्या. थोडक्यांत, जें शेतांत व रानांत होत नाहीं तें सर्व. आणि तें आणण्यास वाट पाहिजे.

कित्येक पिढ्या वाट म्हणजे पायवाटच होती. खालीं समुद्राकडे जाणाऱ्या नद्या धबधब्यांनीं व खडकांनीं भरलेल्या, त्यांत होडी चालणें कठीण. पहिली निराळी वाट या मुलखानें १९४५ सालीं पाहिली, आणि तिची हकीकत ऐकण्याजोगी आहे. १९४२ सालीं जपानी सैन्यानें बोर्निओ घेतलें. तेव्हां जॉन विल्फिंगर नांवाचे अमेरिकन मिशनरी या डोंगरांत होते, व लोकांनीं त्यांस लपवून ठेवण्याची तयारी दाखविली. परंतु आपणांस लपविण्यासाठीं लोकांस खोटें बोलावें लागेल व त्यांच्या जिवावर बेतेल, असा विचार करून ते आपण होऊन जपान्यांच्या स्वाधीन झाले, आणि त्याच वर्षीं मारले गेले. दोन वर्षांनीं, १९४४ च्या नोव्हेंबरांत, अमेरिकेचें एक बाँब टाकणारें विमान या भागांत पडलें. त्यांतून वांचलेल्या वैमानिकांस लुन दायेह लोकांनीं कित्येक महिने रानांत व गांवांत लपविलें, खाऊं घातलें, आणि जपान्यांच्या हातीं लागूं दिलें नाहीं. पुढें दोस्त सैन्याचे इंग्रज अधिकारी टॉम हॅरिसन आले. त्यांच्या सांगण्यावरून लोकांनीं बेलाविट येथें भाताच्या खाचरांवर चिरलेल्या बांबूंचा बिछाना घालून धांवपट्टी केली. १९४५ च्या जून महिन्यांत तीवर लहान विमानें उतरलीं, आणि त्या वैमानिकांस एकेक करून घेऊन गेलीं. नांगर न लागलेल्या शेतांत, म्हशींनीं मळलेल्या चिखलावर, बांबूची सडक! आम्ही हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस खरें वाटेना, परंतु गोष्ट इतिहासांत नोंदलेली आहे.

पुढें १९७० नंतर मिशनचीं लहान विमानें या डोंगरांत नियमानें येऊं लागलीं. तीं उतरावीं म्हणून गांवोगांवच्या लोकांनीं कुदळ-फावड्यांनीं टेकड्या खणून, खळगे भरून गवताच्या पट्ट्या तयार केल्या. सरकारचीं व इतर कंपन्यांचीं विमानेंहि नंतर आलीं, आणि भाड्याचा कांहीं भार सरकार सोसूं लागलें. विमानांत बसण्यापूर्वीं गांठोडें तोलतात तसें माणसासहि तोलतात, कारण यंत्राची शक्ति ठरलेली आहे. थोडें वजन अधिक झालें कीं कांहींतरी खालीं राहतें. सकाळचें धुकें वितळल्यावर व दुपारचे ढग जमण्यापूर्वीं जो वेळ मिळतो तोच उड्डाणाचा. ढग आले तर विमान नाहीं, आणि विमान नाहीं तर कांहींच नाहीं.

निरोगी माणूस एक दिवस थांबूं शकतो. अडलेली बाई थांबूं शकत नाहीं. लाँग बावानांत दवाखाना आहे, गांवांत परिचारिका आहेत. परंतु ज्या दुखण्यास मोठी शस्त्रक्रिया लागते त्यासाठीं समुद्रकांठच्या ताराकान शहरास किंवा तसल्याच ठिकाणीं न्यावें लागतें. आडबाजूच्या गांवाहून आधीं माणसांच्या खांद्यावरून चिखलांतून धांवपट्टीपर्यंत, आणि मग आकाशाकडे पाहत बसणें. ज्यांनीं आपल्याकडे पावसाळ्यांत आजाऱ्यास डोलींत घालून नदीकांठीं उतार मिळण्याची वाट पाहिली आहे, त्यांस हें अधिक सांगावयास नको.

आणि विमानाची वाट निर्धोकहि नाहीं. ८ मार्च २०२४ रोजीं ताराकानहून क्रायानांतील बिनुआंग गांवीं वाणसामान घेऊन निघालेलें एक लहान विमान डोंगरांत कोसळलें. दोन दिवसांच्या शोधानंतर तें सांपडलें. वैमानिक वांचला, त्याचा सोबती यंत्रज्ञ मेला. शहरांत दुकानावर जाऊन जें सामान आपण पिशवींत घालून आणितों, तेंच पोंचवितांना एका माणसाचा जीव गेला.

दुसरी वाट मलेशियाची. बा केलालान तेथून जवळ आहे, आणि तेथपर्यंत मलेशियाच्या बाजूनें लांकूड नेणाऱ्यांचा रस्ता आलेला आहे. पूर्वीं पाठीवर तांदूळ घेऊन लोक खिंडींतून पायीं जात; नंतर फटफट्या व चिखलांत चालणाऱ्या मोटारी आल्या. तांदूळ व म्हशी तिकडे जातात, साखर, तेल, पेट्रोल, सिमेंट इकडे येतें. क्रायानच्या बाजारांत मलेशियाचें नाणें चालतें तें याच कारणानें. राज्य एकाचें व चूल दुसऱ्याची, अशी ही स्थिति आहे. २०२० सालीं करोनाची साथ आली आणि मलेशियानें सरहद्द बंद केली. तेव्हां क्रायानांत साखर, पेट्रोल व सिमेंट यांची टंचाई झाली, किंमती चढल्या, आणि चालू असलेलीं बांधकामें अडलीं. भात मात्र कणगींत होतें. त्या महिन्यांत उपास कोणास पडला नसेल; पण ज्याचें औषध संपलें त्यास भाताचा काय उपयोग?

म्हणून लोक रस्ता मागतात, आणि त्यांत त्यांचें कांहींहि चुकत नाहीं. २०१४ नंतर इंडोनेशियाच्या सरकारनें सरहद्दीलगतचे रस्ते करण्याचें काम नेटानें हातीं घेतलें, व मालिनाउ शहराकडून क्रायानकडे डोंगर फोडून वाट काढण्यास आरंभ केला. चिकण मातीचा तो रस्ता पावसांत असा होतो कीं, मोटारी दोरांनीं ओढाव्या लागतात. तरी रस्ता हा रस्ताच. तो एकदां आला कीं पुढें रुंद होतो.

परंतु बोर्निओंत रस्ता एकटा कधींच आलेला नाहीं. त्याच बेटावर खालच्या अंगाला ज्या खोऱ्यांत रस्ते गेले, तेथें त्यांमागून लांकूडतोडे कंत्राटदार आले, आणि त्यांच्यामागून ताडतेलाच्या मळ्यांचे मालक. रान गेलें, ओढे गढूळ झाले, आणि कालपर्यंत स्वतःच्या जमिनीवर राबणारा मनुष्य मळ्यावर मजूर झाला. क्रायानचे वडीलधारे लोक हें पाहून आहेत. २००४ सालीं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या लुन दायेह, लुन बावांग, केलाबित व साबान या लोकांनीं मिळून एक मंडळ स्थापन केलें. त्याचें नांव फोर्मादात. १८९१ च्या रेषेनें तोडलेले भाऊ त्या मंडळांत पुन्हा एकत्र बसतात. त्यांचें म्हणणें असें कीं, वाट येऊं द्या, पण खाचरें, रान व मिठाच्या विहिरी आमच्या हातीं राहूं द्या. २००७ सालीं तिन्ही देशांच्या सरकारांनीं बोर्निओच्या मध्यभागचें रान राखण्याचा करार केला. १६ मे २०१३ रोजीं इंडोनेशियाच्या घटना-न्यायालयानें असा निकाल दिला कीं, जमातींच्या वहिवाटीचीं रानें हीं सरकारी रानें धरतां येणार नाहींत. निकाल मोठा आहे. पण तो एकेका गांवास लागू होण्यास नकाशे पाहिजेत, सीमा ठरल्या पाहिजेत, जिल्ह्याचा ठराव पाहिजे. आणि ज्यास लिहितां-वाचतां येत नाहीं तो या कामांत पहिल्याच पायरीवर अडतो. जमिनीच्या उताऱ्यावर स्वतःचें नांव स्वतः वाचतां यावें म्हणून रात्रीच्या शाळेंत बसणारे आपले प्रौढ लोक याचा अर्थ चांगला जाणतील.

दुसरी एक चिंता घरांतलीच आहे. वरच्या शिक्षणाकरितां मुलें मालिनाउ, ताराकान किंवा त्याहूनहि दूर जातात. जाऊं नयेत असें कोण म्हणेल? परंतु गेलेलीं सर्व परत येत नाहींत. म्हशींचें काम अंगमेहनतीचें नसलें तरी माणसांचें आहे: कुंपण पाहणें, चराई बदलणें, वेळेवर सोडणें, वेळेवर काढणें. हात कमी पडले कीं कुंपण मोडकें राहतें, तंटे वाढतात, आणि मग कोणी म्हणतो, म्हशी विकून टाकूं, चिखलणीचें यंत्र घेऊं, तणावर औषध मारूं. कांहीं ठिकाणीं असें होऊं लागलेंहि आहे. यंत्र एका दिवसांत पुष्कळ काम करितें हें खरें. तें शेण टाकीत नाहीं, म्हणून खत विकत आणावें लागतें. तें गवत खात नाहीं, म्हणून पेट्रोल आणावें लागतें. आणि खत व पेट्रोल दोन्ही सरहद्दीपलीकडून येतात. कोणता शेतकरी यंत्र घेतो व कोणता म्हशी राखतो, हें ज्याच्या त्याच्या घरांतील माणसांच्या संख्येवर ठरेल.

क्रायानच्या दक्षिणेस केन्या नांवाचे लोक राहतात. त्यांच्यांत गांवाच्या जवळचें एक उत्तम रान सर्वांच्या संमतीनें बंद ठेवण्याची व ठरलेल्या वेळींच उघडण्याची जुनी चाल आहे. त्या रानास ते ताना उलेन म्हणतात. त्याची हकीकत पुढील पाठांत देऊं; तोंपर्यंत उपदेशकांनीं आपल्या गांवच्या देवराईविषयीं व गायरानाविषयीं म्हाताऱ्या माणसांस विचारून, तेथें कोणते नियम होते व ते केव्हां सुटले, हें लिहून ठेवावें.